गाडी लागली, गाडी सुटली, गाडी चुकली!

मैत्रिणींनो, आज एका सोप्या प्रश्नाने सुरुवात करू या. ‘मला गाडी लागते’ आणि ‘गाडी फलाटाला लागली’ ही दोन वाक्यं इंग्रजीत कशी सांगाल?

लागणं तेच, पण पहिल्या वाक्यात पोटात ढवळतं आणि दुसऱ्यात हमाल धावत सुटतात! इंग्रजीत पहिल्याला म्हणतात ‘आय गेट कारसिक’, आणि दुसऱ्याला ‘द ट्रेन इज अॅट द प्लॅटफॉर्म’. दोन्ही वाक्यांत ‘लागणं’ कुठे औषधालाही सापडत नाही. औषधावरून आठवलं, परगावी दुकानात त्यासाठी गोळी मागायची झाली, तर ‘अ टॅब्लेट फॉर मोशन सिकनेस, प्लीज’ असं म्हणायचं.

आता ‘गाडी सुटली’ आणि ‘गाडी चुकली’ ही दोन वाक्यं घ्या. ‘द ट्रेन हॅज लेफ्ट’ म्हणजे गाडी सुटली. आणि ‘आय मिस्ड द ट्रेन’ म्हणजे गाडी चुकली. गंमत पाहिलीत? मराठीत चुकते ती गाडी, इंग्रजीत चुकतो आपण! म्हणून शब्दाला शब्द लावत बसलं की वाक्य अडतं, आणि आपण म्हणतो, ‘जाऊ दे बाई, मला काही इंग्रजी येत नाही.’

येतं, पण वेळेला आठवत नाही

मी दुपारी दोन तास एका वर्गात इंग्रजी शिकवते. येणाऱ्या बहुतेकजणी गृहिणी आहेत. कुणी दहावी झालेल्या, कुणी माझ्यासारख्या बी. ए. मुलांचा अभ्यास घेतात, वर्तमानपत्रातले इंग्रजी मथळे वाचतात, बँकेचा फॉर्म भरतात. पण प्रवासाचा विषय निघाला की एकच उत्तर : ‘ते सगळं हेच बघतात.’ तिकीट ह्यांच्या मोबाईलवर, डबा कुठला ते ह्यांना ठाऊक, गाडीला उशीर का झाला ते हे विचारून येणार. आणि हे बरोबर नसले, तर? तर मग प्रवासच नको!

तुम्ही म्हणाल, गाडीत बोलायला हिंदी पुरतं की. अगदी खरं. पण वाचायला इंग्रजी लागतं. तिकिटावरचे संक्षेप, मोबाईलवर आलेला संदेश, विमानतळावरच्या पाट्या हे बहुतेक सगळं इंग्रजीत. दक्षिणेत गेलं की हिंदीही प्रत्येकाला येत असेल असं नाही. आणि मुलगा-मुलगी परदेशी असली, तर बोलायलाही इंग्रजीच.

१८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांचं वय अवघं १८ होतं आणि गोपाळराव बरोबर नव्हते. त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, पुढे अमेरिकेत हिंडल्या आणि तिथलं लोकजीवन त्यांनी मराठीत लिहिलं. ते पुस्तक १८८९ साली निघालं. त्यांच्या मानाने आपल्याला जायचं असतं ते मुलीकडे बंगळूरला नाहीतर भाच्याच्या लग्नाला हैदराबादला. तेवढ्यापुरते शब्द जमवणं काही अवघड नाही. निम्मेअधिक तर आपल्या बोलण्यात आहेतच. अडचण एवढीच की शब्द ओळखीचा असतो, पण त्याचा नेमका अर्थ हाती नसतो.

मराठीत एक, इंग्रजीत चार

‘भाडं’ हा शब्द घ्या. घराचं भाडं, रिक्षाचं भाडं, सायकलचं भाडं, मालट्रकचं भाडं, आपल्याला सगळं सारखंच. इंग्रजीत मात्र घराचं ते ‘रेन्ट’. माणसाने बस, रिक्षा किंवा रेल्वेने जाण्यासाठी द्यायचं ते ‘फेअर’. सामान वाहून नेण्याचं ते ‘फ्रेट’. आणि एखादी वस्तू तात्पुरती भाड्याने घेणं म्हणजे ‘हायर’. टॅक्सीवाल्याला ‘व्हॉट इज द रेन्ट?’ असं विचारलं, तर तो टॅक्सी भाड्याने मागताय असं समजेल. ‘व्हॉट इज द फेअर टू द स्टेशन?’ असं विचारायचं.

एस. टी.त १७ मार्च २०२३ पासून आपल्याला निम्म्या तिकिटाची सवलत मिळाली. ती सवलत म्हणजे ‘कन्सेशन’. हा शब्द बसपासून शाळेच्या फीपर्यंत सगळीकडे उपयोगी पडतो.

‘प्रवास’ या शब्दालाही असेच फाटे आहेत. एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचा जो प्रवास, तो ‘जर्नी’. जाऊन, काम उरकून किंवा हिंडून परत यायचं, ती ‘ट्रिप’. चार ठिकाणं बघत फिरायचं, ती ‘टूर’. समुद्रातला लांबचा प्रवास ‘व्हॉयेज’. आणि रिक्षातून कोपऱ्यापर्यंत जायचं ती ‘राइड’. ‘ट्रॅव्हल’ म्हणजे प्रवास करणं, पण ‘इट वॉज अ लाँग ट्रॅव्हल’ असं कुणी म्हणत नाही. तिथे ‘इट वॉज अ लाँग जर्नी’ हवं.

ट्रॅव्हलवरून आठवलं. आपल्याकडे ‘ट्रॅव्हल्सने आले’ म्हणजे खासगी बसने आले! ‘आय केम बाय ट्रॅव्हल्स’ म्हटलं, तर बाहेरच्या माणसाला काही बोध होणार नाही. ‘आय केम बाय प्रायव्हेट बस’ म्हणा. तीच गोष्ट ‘पॅसेंजर’ची. आपण ‘पॅसेंजरने’ जातो, म्हणजे थांबत थांबत जाणाऱ्या गाडीने. इंग्रजीत पॅसेंजर म्हणजे गाडीत बसलेली तुम्ही-आम्ही. त्या गाडीला ‘पॅसेंजर ट्रेन’ असं पुरतं नाव घ्यायचं.

चढण्या-उतरण्याचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, त्याला ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. म्हणजे बस, आगगाडी, विमान, बोट. ज्यात वाकून शिरावं लागतं आणि शिरल्यावर बसावंच लागतं, त्याला ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. म्हणजे मोटार, टॅक्सी, रिक्षा. स्कूटर आणि सायकल यांवर आपण स्वार होतो, म्हणून तिथे पुन्हा ‘ऑन’. ‘आय वॉन्ट टू गेट ऑफ अॅट द नेक्स्ट स्टॉप’ एवढं आलं की परगावच्या बसमध्ये निम्मी काळजी मिटते.

‘पोचणं’ जरा जपून वापरा. आपण ‘पुण्याला’ पोचतो, म्हणून तो ‘ला’ इंग्रजीतही डोकावतो आणि तोंडून ‘आय रीच्ड टू पुणे’ निघून जातं. ‘रीच’ला ‘टू’ लागत नाही. ‘आय रीच्ड पुणे’ एवढंच. ‘अराइव्ह’ वापरायचं, तर शहराला ‘इन’ आणि स्टेशनला ‘अॅट’ : ‘शी अराइव्ह्ड इन नागपूर’, ‘शी अराइव्ह्ड अॅट द स्टेशन’.

सामानाचंही तसंच. ‘लगेज’ आणि ‘बॅगेज’ हे शब्द पीठ-साखरेसारखे आहेत, मोजता येत नाहीत. ‘टू लगेजेस’ असं म्हणायचं नाही. ‘टू बॅग्ज’ म्हणा, किंवा ‘टू पीसेस ऑफ लगेज’.

पाहुण्यांना पोचवायला जाणं म्हणजे ‘टू सी समवन ऑफ’, आणि आणायला जाणं म्हणजे ‘टू पिक अप’. ‘माय सन विल पिक मी अप’ म्हणजे मुलगा मला घ्यायला येईल. उचलून नेईल असं नव्हे! आणि ‘चेंज’चे दोन अर्थ आहेत हेही लक्षात असू द्या. ‘डू यू हॅव चेंज?’ म्हणजे सुटे आहेत का? आणि ‘डू आय हॅव टू चेंज?’ म्हणजे मला मध्ये गाडी बदलावी लागेल का?

तिकीट आधी स्वतः वाचा

आता खऱ्या कसोटीची गोष्ट. वर्गात आम्ही एक दिवस जुनी तिकिटं घेऊन बसलो. त्यांतले हे शब्द डोळ्यांखालून घाला.

‘पी. एन. आर.’ हा तुमच्या आरक्षणाचा १० आकडी क्रमांक. गाडीचा क्रमांक वेगळा आणि हा वेगळा. चौकशी करायची ती याच क्रमांकावर.

‘कन्फर्म्ड’ म्हणजे जागा पक्की. ‘आर. ए. सी.’ म्हणजे कुणी तिकीट रद्द केलं तर पूर्ण बर्थ मिळेल, तोवर बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांना बसायची जागा. गाडीत चढता येतं, पण रात्र बसून काढायची तयारी हवी. ‘डब्ल्यू. एल.’ म्हणजे प्रतीक्षायादी. तिच्यापुढे दोन आकडे दिसतात, समजा २३ आणि ८. पहिला आकडा तिकीट काढलं तेव्हाचा, दुसरा आजचा. ऑनलाइन काढलेल्या तिकिटावरची सगळी नावं ‘चार्ट प्रिपेअर्ड’ झाल्यावरही प्रतीक्षायादीतच राहिली, तर ते तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. ते तिकीट घेऊन गाडीत चढायचं नसतं. ‘तिकीट आहे ना, मग झालं’ असं म्हणून निघणाऱ्यांची फजिती इथेच होते.

‘बोर्डिंग’ म्हणजे गाडीत चढणं. तिकिटावर गाडी कुठून निघते तेही असतं आणि तुम्ही कुठे चढणार तेही असतं. गाडी मुंबईहून निघत असली आणि तुमचं बोर्डिंग कल्याण असलं, तर कल्याणची वेळ बघायची, मुंबईची नव्हे. ठरल्या ठिकाणी चढला नाहीत, तर तुमचा बर्थ दुसऱ्याला मिळू शकतो.

‘सीट’ म्हणजे बसायची जागा आणि ‘बर्थ’ म्हणजे झोपायची. ‘लोअर’ खालचा, ‘मिडल’ मधला, ‘अपर’ वरचा, आणि ‘साइड लोअर’, ‘साइड अपर’ म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेपलीकडचे. स्लीपरच्या डब्यात पहिल्या आठांत १ आणि ४ खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे, ७ आणि ८ बाजूचे. पुढे दर आठाला हाच क्रम. जागा शिल्लक असेल, तर ४५ वर्षं पुरी झालेल्या स्त्रियांना, गरोदर स्त्रियांना आणि ज्येष्ठांना संगणक आपणहून लोअर बर्थ देतो. म्हणून तिकीट काढताना वय बरोबर घाला हो! तिथे चार वर्षं लपवण्यात तोटाच आहे.

आणि सर्वांत महत्त्वाची ती वेळ. तिकिटावर २४ तासांचं घड्याळ असतं. दुपारचा १ म्हणजे १३:००, रात्रीचे ९ म्हणजे २१:००. पण खरा घोटाळा होतो तो मध्यरात्रीनंतरच्या गाडीचा.

आमच्या वर्गात एक पन्नाशीच्या बाई आहेत. त्यांच्या मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं बंगळूरलाच करायचं ठरलं. यजमानांच्या गुडघ्याचं दुखणं, त्यामुळे एकटीनेच जायचं होतं. मुलाने तिकीट मोबाईलवर पाठवलं. तारीख १८, वेळ ००:२०. घरात सगळ्यांनी धरून ठेवलं, अठराला रात्री जेवून निघायचं. बाईंनी तिकीट वर्गात आणलं, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, ‘शून्य वाजले म्हणजे अठरा तारीख नुकती लागली. मग मला सतराच्या रात्रीच निघायला हवं ना?’ बरोबर तेच! अठराच्या रात्री जेवून निघाल्या असत्या, तर गाडी जाऊन जवळजवळ दिवस उलटलेला असता, आणि मुलीला दिवस भरत आलेले. बाई सतराला रात्री अकराला स्टेशनवर गेल्या आणि वेळेत पोचल्या. घरातल्या कुणालाही इंग्रजी कमी येत होतं असं नाही. पण तिकीट नीट वाचलं ते त्यांनी.

गाडीला नेमकं झालंय काय?

पावसाळ्यात मोबाईलवर संदेश येतो आणि आपण तो तसाच दुसऱ्याच्या हातात देतो. तसं करू नका. पाचसहा शब्द आले की काम होतं. ‘डिपार्चर’ म्हणजे सुटणं, ‘अरायव्हल’ म्हणजे येऊन पोचणं. ‘डिलेड’ म्हणजे उशिरा धावतेय. ‘रीशेड्यूल्ड’ म्हणजे निघण्याची वेळच बदलून पुढे नेली, तेव्हा नवी वेळ बघून घराबाहेर पडा. ‘कॅन्सल्ड’ म्हणजे रद्द. ‘डायव्हर्टेड’ म्हणजे दुसऱ्या मार्गाने वळवली. ही मोठी फसवी बातमी! गाडी धावणार, पण तुमच्या स्टेशनला येईलच असं नाही. आणि ‘शॉर्ट टर्मिनेटेड’ म्हणजे शेवटच्या स्टेशनाआधीच मध्ये कुठेतरी थांबवणार, पुढची सोय वेगळी बघायची.

‘व्हाया’ म्हणजे एस. टी.च्या पाटीवरचं आपलं ‘मार्गे’. आणि ‘टर्मिनस’ म्हणजे शेवटचं स्टेशन, जिथून पुढे गाडी जात नाही.

हे शब्द परदेशी नेऊ नका

काही शब्द आपण इंग्रजी म्हणून वापरतो, पण ते आता इंग्लंड-अमेरिकेत कुणाला कळत नाहीत. ‘स्टेपनी’ घ्या. पूर्वी मोटारीला जादा चाक नसे. १९०४ साली वेल्समधल्या लॅनेली गावात असं चाक तयार झालं. ज्या स्टेपनी स्ट्रीटवर ते निघालं, तिचंच नाव त्याला पडलं. तिकडचे लोक ते नाव विसरले, आपल्या गॅरेजवाल्यांनी मात्र ते जपून ठेवलं! बाहेर त्याला ‘स्पेअर टायर’ किंवा ‘स्पेअर व्हील’ म्हणा. आपली ‘डिकी’ म्हणजे इंग्लंडात ‘बूट’ आणि अमेरिकेत ‘ट्रंक’. जावई म्हणाला, ‘पुट युअर बॅग इन द बूट’, तर पायांतल्या बुटाकडे बघू नका.

‘बोगी’ म्हणजे खरं तर डब्याखालचा चाकांचा सांगाडा. डबा म्हणजे ‘कोच’. पण हा कोचही देशोदेशी वेष बदलतो. आपल्याकडे रेल्वेचा डबा, इंग्लंडात लांब पल्ल्याची बस, आणि अमेरिकेत विमानातला साध्या भाड्याचा वर्ग! ‘सबवे’ म्हणजे आपल्याकडे आणि इंग्लंडात रस्त्याखालून चालत जायची वाट, अमेरिकेत मात्र जमिनीखालची रेल्वे. परत येण्याच्या तिकिटाला इंग्लंडात ‘रिटर्न’ म्हणतात, अमेरिकेत ‘राउंड ट्रिप’. आणि एकाच बाजूचं असेल, तर ‘वन-वे’ कुठेही चालतं.

विमानतळावर

विमानाला घाबरू नका. पाट्या क्रमाने वाचत गेलं की झालं. ‘चेक-इन’ला मोठी बॅग द्यायची आणि ‘बोर्डिंग पास’ घ्यायचा. मग ‘सिक्युरिटी चेक’. मग ‘गेट’, म्हणजे विमानाकडे जाण्याचं दार. बोर्डिंग पासवर दोन वेळा असतात, ‘बोर्डिंग टाइम’ आणि ‘डिपार्चर टाइम’. लक्षात ठेवायची ती पहिली. विमान सुटायच्या साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधी गेट बंद होतं. एस. टी.सारखं मागून हाक मारून थांबवता येत नाही.

‘हँड बॅगेज’ किंवा ‘केबिन बॅगेज’ म्हणजे जवळ ठेवायचं सामान, आणि ‘चेक्ड बॅगेज’ म्हणजे विमानाच्या पोटात जाणारं. पॉवर बँक नेहमी जवळच्या बॅगेत, मोठ्या बॅगेत कधीच नाही. लोणच्याची बरणी जवळच्या बॅगेत नको, ती चांगली बांधून मोठ्या बॅगेत. आणि सुकं खोबरं? त्यातल्या तेलामुळे विमान कंपन्या ते धोकादायक सामानात धरतात. तेव्हा मुलीसाठी वाटण न्यायचं ठरवलं असेल, तर आधी कंपनीचे नियम बघा.

जागा निवडताना ‘विंडो’ म्हणजे खिडकीजवळची आणि ‘आइल’ म्हणजे वाटेजवळची. उच्चार ‘आइल’च, मधला ‘एस’ मुका. सारखं उठावं लागत असेल, तर आइल सीट बरी. स्वच्छतागृहाच्या दारावर ‘व्हेकंट’ असेल तर रिकामं, ‘ऑक्युपाइड’ असेल तर आत कुणी आहे.

तिकीट काढताना ‘नॉन-स्टॉप’ आणि ‘डायरेक्ट’ यांतला फरक पाहा. नॉन-स्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं. डायरेक्ट विमान मध्ये उतरू शकतं, फक्त त्याचा क्रमांक तोच राहतो. ‘कनेक्टिंग फ्लाइट’ म्हणजे मध्ये उतरून दुसरं विमान धरायचं, आणि मधला थांबण्याचा वेळ म्हणजे ‘लेओव्हर’. लेओव्हर तासाभराचाच असेल, तर एकट्या बाईने दोनदा विचार करावा.

परदेशात उतरल्यावर अधिकारी विचारतो, ‘व्हॉट इज द पर्पज ऑफ युअर व्हिजिट?’ कशासाठी आलात? उत्तर सरळ द्या : ‘टू व्हिजिट माय डॉटर.’ ‘हाऊ लाँग विल यू स्टे?’ ‘थ्री मन्थ्स.’ ‘एनीथिंग टू डिक्लेअर?’ म्हणजे सांगण्याजोगं काही आणलंय का? अमेरिका-ऑस्ट्रेलियासारख्या देशांत खाण्याचे पदार्थ लपवून नेले, तर दंड होऊ शकतो. सांगितलं, तर फार तर ती वस्तू काढून घेतात. म्हणून लाडू असले, तर ‘येस, सम होममेड स्वीट्स’ असं खुशाल सांगा.

‘नो’ म्हणजे हो, आणि खरं ‘नाही’

बोलण्यातली एक फसवी जागा सांगते. ‘इज धिस सीट टेकन?’ म्हणजे इथे कुणी बसलंय का? समोरचा ‘नो’ म्हणाला, तर जागा रिकामी आहे, बसा. ‘डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?’ म्हणजे खिडकी उघडली तर तुमची हरकत आहे का? इथेही ‘नो’ म्हणजे हरकत नाही, उघडा. आपण भिडस्तपणे हसून ‘येस, येस’ म्हणतो आणि समोरचा गोंधळतो.

पण कधी खरंखुरं ‘नाही’ म्हणायची वेळ येते, आणि तिथे आपली जीभ सर्वांत जास्त अडते. बाई एकटी दिसली की ‘जरा वर जाता का?’ म्हणून खालचा बर्थ मागणारे भेटतातच. म्हाताऱ्या आजीबाईंना द्यावासा वाटला, तर जरूर द्या. नाही तर शांतपणे म्हणा, ‘सॉरी, आय नीड द लोअर बर्थ.’ कारण सांगत बसायची गरज नाही. कुणी जागेवर येऊन बसलं असेल, तर तिकीट हातात धरून म्हणा, ‘एक्स्क्यूज मी, धिस इज माय सीट.’ मधला बर्थ उघडून झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६ ठरलेली आहे. त्यानंतरही बर्थ आडवा ठेवला असेल, तर ‘इट इज पास्ट सिक्स, प्लीज फोल्ड द बर्थ’ म्हणायला संकोच नको.

आणि कुणी उगाच अंगाशी येत असेल, तर ‘प्लीज’ची गरज नाही. ‘मूव्ह अवे!’ मोठ्याने म्हणा, चार माणसांना ऐकू जाईल असं. मग लगेच १३९ हा रेल्वेचा किंवा ११२ हा आणीबाणीचा क्रमांक फिरवा. तेव्हा डबा आणि बर्थ क्रमांक सांगता आला पाहिजे. म्हणून गाडीत चढल्याबरोबर हे दोन आकडे पाठ करून टाका.

पाठ करायची माझी रीत

शब्दांच्या लांब याद्या करू नका. त्या दोन दिवसांत विटतात. एक छोटी वही घ्या आणि रोज फक्त तीन वाक्यं लिहा. शब्द नको, वाक्य. ‘फेअर’ म्हणजे भाडं असं लिहिण्यापेक्षा ‘व्हॉट इज द फेअर टू द स्टेशन?’ असं लिहा. वाक्य तोंडात बसलं की शब्द त्याबरोबर येतो.

पोळ्या लाटताना ती वाक्यं मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं इंग्रजी वेळेला बाहेर येत नाही. शाळेतून आलेल्या मुलाला तिकीट तपासनीस करा, आणि आपण प्रवासी व्हा. तो खुशीने दंडसुद्धा करील! एखादं जुनं तिकीट फ्रिजवर लावून ठेवा, येता-जाता एकेक संक्षेप नजरेखालून जाईल. आणि पुढच्या वेळी स्टेशनवर गेलात, तर इंग्रजीतली घोषणा संपेपर्यंत कुणाला काही विचारू नका. मराठी आणि हिंदी घोषणाही असतेच. आपण काय ऐकलं ते त्यांच्याशी ताडून बघा. महिन्याभरात तिन्ही जुळायला लागतील.

ही दहा वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या :

१. विच प्लॅटफॉर्म फॉर द हैदराबाद ट्रेन? (गाडी कुठल्या फलाटावर?)
२. इज द ट्रेन ऑन टाइम? (गाडी वेळेवर आहे का?)
३. डझ धिस बस गो टू द हॉस्पिटल? (ही बस इस्पितळाकडे जाते का?)
४. हाऊ लाँग डझ इट टेक? (किती वेळ लागतो?)
५. डू आय हॅव टू चेंज? (गाडी बदलावी लागेल का?)
६. प्लीज टेल मी व्हेन वी गेट देअर. (आलं की सांगा.)
७. आय हॅव मिस्ड माय ट्रेन. व्हॉट शुड आय डू? (गाडी चुकली, काय करू?)
८. माय बॅग हॅज नॉट अराइव्ह्ड. (माझी बॅग आली नाही.)
९. कुड यू स्पीक स्लोली, प्लीज? (जरा सावकाश बोलाल का?)
१०. धिस इज माय सीट. (ही माझी जागा आहे.)

त्यातलं नववं वाक्य मला फार आवडतं. समोरचा भरभर बोलला, की आपण आपल्यालाच नावं ठेवतो. त्यापेक्षा त्यालाच सावकाश बोलायला सांगावं. त्यात कमीपणा कसला?

आणि एवढं करा. पुढच्या प्रवासाचं तिकीट घरात आलं, की मोबाईल आधी तुम्ही हातात घ्या. तारीख, वेळ, बोर्डिंग, डबा, बर्थ सगळं स्वतः वाचा, आणि मग यजमानांना वाचून दाखवा. ते म्हणतील, ‘मला ठाऊक आहे.’ म्हणू देत!